प्रदर्शनासाठी चित्र काढू नका, काढलेल्यातून निवडा

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझे उत्तर नेमके कशाला आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आपण तीन वर्षांपूर्वी जलरंग हाती घेतलेत, पहिली दोन वर्षे घरी एकट्याने रंगवलेत आणि गेले वर्षभर दर आठवड्याला जमणाऱ्या एका चित्रकार गटात जात आहात. गटाचे वार्षिक प्रदर्शन अडीच महिन्यांवर आले आहे, प्रत्येकाने दोन चित्रे द्यायची आहेत, आणि त्यासाठी घेतलेले एक निसर्गचित्र आपण चार वेळा सुरू करून चारही वेळा फाडले आहे. पूर्वी रंगवायला बसल्यावर दोन तास कुठे गेले ते कळत नसे, आता कागदासमोर बसवतही नाही. तेव्हा प्रदर्शनातून माघार घ्यावी की गटच सोडावा, असे आपण विचारता.

मी 26 वर्षे रंगवतो आहे, त्यातली 19 वर्षे एका गटाबरोबर, आणि भिंतीवर चित्रे टांगण्याचे काम बराच काळ माझ्याकडे असल्यामुळे प्रदर्शनाआधी लोकांचे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. आपले वर्णन वाचून मला जे दिसते ते असे, की आपण कागद ओला करण्याआधीच त्याला फ्रेम घातली आहे. ब्रश उचलताना समोर नदी किंवा झाड असायला हवे, तिथे आता दालनातून फिरणारी माणसे उभी आहेत. ती माणसे यायला अजून अडीच महिने आहेत, पण आपण त्यांना आजच घरात घेतले आहे. प्रदर्शन टाळले तर ती या वर्षापुरती जातील आणि गट सोडला तर कदाचित कायमची जातील, हे खरे. पण त्यासाठी दोहोंपैकी काहीही सोडण्याची गरज आहे, असे मला वाटत नाही.

हा ताण जलरंगात सर्वांत लवकर कागदावर उतरतो, कारण या माध्यमात अर्धे काम पाणी करते आणि त्याला ते करू द्यावे लागते. आकाशाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला रंगाचा पातळ थर, दिल्यावर कागद आधी चकाकतो, मग हळूहळू चकाकी ओसरून नुसता मंद ओलावा उरतो. हात आवरायची वेळ तीच असते. नेमके तेव्हाच ‘इथला ढग जरा ठसठशीत हवा होता’ असे वाटून आपण भरलेला ब्रश टेकवतो. ब्रशातले पाणी कागदातल्या ओलीपेक्षा जास्त असते. ते बाहेरच्या बाजूला पसरते, अर्धवट वाळलेल्या रंगाचे कण पुढे ढकलते आणि दातेरी कडेचा डाग उमटतो. तो पुसायला जावे तर कागदाचे धागे उसवतात. शिवाय जलरंग वाळल्यावर ओल्यापेक्षा फिका दिसतो, त्यामुळे धीर न धरता ‘फिकट झाले’ म्हणून दुसरा आणि तिसरा थर चढवला की रंग मळतात. चार वेळा फाडलेल्या त्या चित्रांत यातले काहीतरी झाले असणार, असा माझा अंदाज आहे. त्यात कौशल्याची उणीव फारशी नसते. हात थांबायला तयार नसतो, एवढेच.

मी स्वतः यातून गेलो आहे. पहिल्या प्रदर्शनासाठी मी नदीकाठचे एक दृश्य निवडले आणि ते नऊ वेळा रंगवले. नववे चित्र स्वच्छ झाले होते. कडा जिथल्या तिथे, पाण्यातले प्रतिबिंब मोजून काढल्यासारखे. लोकांनी सफाईचे कौतुक केले आणि दुसऱ्याच दिवशी ते विकलेही गेले. मला आठवतो तो आनंद मात्र ते घरातून गेल्याचा आहे, कारण त्याच्याकडे पाहिले की मला नदी आठवत नसे, आधीचे आठ कागद आठवत. त्यानंतर पाच महिने मी ब्रशला हात लावला नाही. म्हणून आपल्याला जे होते आहे ते अपयशामुळे होते असे समजू नका. चित्र उत्तम साधले असते तरी ते झाले असते.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. माझा सल्ला सर्वांना लागू पडत नाही. आमच्या गटात एक जण असे आहेत, की दिनदर्शिकेवर तारखेभोवती लाल वर्तुळ दिसल्याशिवाय त्यांचा ब्रश ओला होत नाही, आणि तारीख जवळ आली की ते खरोखर सुरेख काम करतात. अशा माणसाला प्रदर्शनाची घाई म्हणजे खतपाणी. तैलरंगात काम करणाऱ्याचीही गोष्ट निराळी, कारण त्याला आज बिघडलेले उद्या खरवडून काढता येते. आपल्या गटाचे नियम काय आहेत, यावरही बरेच अवलंबून आहे: चित्र गेल्या वर्षभरातलेच हवे का, आकाराचे बंधन आहे का, निवड समिती आहे की सभासदाचे चित्र लागणारच. हे आधी विचारून घ्या. पण आपण जलरंगात काम करता आणि तारीख कळल्यापासून आपले हात बांधले गेले आहेत, एवढ्यावरून मी पुढचे सांगतो.

चित्र काढणे आणि चित्र मांडणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि ती एकाच बैठकीत, शक्य तर एकाच महिन्यात करू नयेत. प्रदर्शनासाठी नवीन काहीही रंगवू नका. गेल्या तीन वर्षांतले जे काही फाडलेले नाही ते सगळे बाहेर काढा. पुठ्ठ्याच्या फाइलीतले, वहीतले, कपाटावर सरकवलेले, अगदी पाठीमागे दुसरे चित्र असलेले कागदसुद्धा. ते जमिनीवर पसरा आणि उभ्याने, तीनेक मीटरवरून पाहा. जाड कार्डशीटचे काटकोनात कापलेले दोन ‘एल’ तयार ठेवा आणि त्यांची चौकट करून प्रत्येक चित्रावर सरकवत न्या. पूर्ण चित्र पडलेले वाटते, पण डाव्या कोपऱ्यातला वीतभर भाग स्वतंत्र चित्र म्हणून उभा राहतो, असे कितीदा तरी दिसेल. मग डोळे किलकिले करून पाहा, किंवा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. ज्या चित्रात गडद आणि फिके यांची विभागणी तेव्हाही स्पष्ट दिसते ते भिंतीवर लांबूनही टिकते. अशी सहा-सात बाजूला काढून रोज जाता-येता दिसतील अशी ठेवा, दोन आठवड्यांनी त्यातली दोन निवडा. निवडताना ‘सर्वांत सफाईदार कोणते’ हा प्रश्न मनात येईलच, पण त्याला शेवटी विचारा. आधी हे विचारा, की कोणते काढत असताना मला आजूबाजूचे भान नव्हते. आपल्या पहिल्या दोन वर्षांत अशी चित्रे नक्की असतील, आणि त्यातल्या एखाद्याची हाताळणी कच्ची असली तरी ते लावायला मी कचरणार नाही.

आता गटाविषयी. गट तीन प्रकारचे असतात, निदान मी तरी तीनच पाहिले आहेत: एकत्र बसून मुकाट्याने रंगवणारे, घरी केलेले काम आणून दाखवणारे, आणि एकाने शिकवायचे व बाकीच्यांनी त्याच्यासारखे काढायचे असे. तिसऱ्या प्रकारात पहिले वर्ष फार छान जाते आणि मग सगळ्यांची झाडे एकसारखी दिसू लागतात. दुसऱ्या प्रकारात दाखवण्याची सवय लागते. माझा कौल पहिल्याला आहे. दहा-बारा माणसे एका खोलीत बसली आहेत, पाण्यात ब्रश खळबळल्याचा आवाज येतो आहे, कोणी कोणाच्या कागदात डोकावत नाही. त्या शांततेत एकट्याने घरी होत नाही एवढे काम होते, आणि शेजारच्याने सावलीत निळा किती सढळ टाकला हे न विचारता कळते. आपल्या गटात दर वेळी शेवटी चित्रे रांगेत ठेवून चर्चा होत असेल, तर महिन्यातून एखादी बैठक नुसती रंगवण्याची ठेवावी असे सुचवून पाहा. आमच्याकडे हे सुचवल्यावर जे सर्वांत जास्त बोलत तेच सर्वांत आधी ‘हो’ म्हणाले, याचे मला अजून नवल वाटते.

चर्चा होतेच, तर ती कामाची कशी करावी हेही सांगतो. ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘छान’ हे उत्तर येते, आणि ते ऐकून माणूस घरी जाऊन अधिक अस्वस्थ होतो. त्याऐवजी ज्याचे उत्तर बघून देता येईल असे काहीतरी विचारा: तुमची नजर आधी कुठे गेली, मागची टेकडी मागे राहते आहे की पुढे येते आहे, चित्रातून काय झाकले तर बरे वाटेल. ‘नजर आधी खांबावर गेली’ असे चौघे म्हणाले आणि आपल्याला ती पाण्यावर जायला हवी होती, तर नेमके काय करायचे ते कळले. खांबाची कड मऊ करायची किंवा पाण्याशेजारी गडद वाढवायचा. आमचा आणखी एक प्रघात आहे. वर्षातून दोनदा चित्रे नावाशिवाय ठेवायची, आणि पहिली दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही. नाव झाकले की ‘हे तर अमक्यांचे, म्हणजे चांगलेच असणार’ हा भाग गळून पडतो. विन्स्टन चर्चिल यांच्या राजकारणाविषयी आपले मत काहीही असो, हौशी चित्रकार म्हणून त्यांना ही अडचण चांगलीच ठाऊक असावी. 1947 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनासाठी त्यांनी ‘डेव्हिड विंटर’ या टोपणनावाने चित्रे पाठवली, आणि त्यातली दोन स्वीकारली गेली.

एका बाबतीत मात्र कठोर राहा. आपल्या चित्रावर दुसऱ्याला ब्रश चालवू देऊ नका. माझ्या सुरुवातीच्या काळात गटातल्या एका ज्येष्ठांनी माझ्या हातातून ब्रश घेऊन भिंतीवरची सावली ‘अशी’ म्हणून दुरुस्त केली. सावली बरोबर झाली, पण त्यानंतर ते चित्र पुढे न्यायला माझा हात उठेना. ज्याला दाखवायचे आहे त्याने शेजारी वेगळ्या कागदावर दाखवावे.

चित्रे निवडून झाली की पुढचे काम हातकामाचे आहे, आणि ते मला मनापासून आवडते, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. जलरंगातले चित्र काचेखाली जाते, पण कागद काचेला टेकता कामा नये. दमट हवेत काचेच्या आतून ओल धरते आणि कागद चिकटतो किंवा त्यावर बुरशीचे ठिपके येतात. मधला माउंट, म्हणजे चित्रापुरती खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, दिसायला बरा असतोच, शिवाय हे अंतरही तोच राखतो. माउंट आणि पाठीमागचा पुठ्ठा आम्लरहित घ्या, नाहीतर काही वर्षांत खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. कागद चारही बाजूंनी चिकटवू नका. हवेतल्या ओलाव्याने तो फुगतो आणि आकसतो, आणि चारही कडा जखडल्या की मध्ये फुगवटा येतो. वरच्या कडेला दोन पट्ट्यांवर तो लोंबकळू द्यावा. साधी पारदर्शक चिकटपट्टी तर नकोच, तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो.

फ्रेमच्या मागे कड्या वरून साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर लावतात आणि त्यांत तार किंचित सैल ओढतात. टांगताना सगळ्या चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत आणण्याचा मोह होतो. मी चित्रांचे मध्य एका रेषेत आणतो, जमिनीपासून सुमारे 145 सेंटिमीटरवर, कारण उभ्या माणसाची नजर साधारण तिथे असते. हिशेब सोपा आहे. फ्रेम 50 सेंटिमीटर उंच असेल आणि तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 8 सेंटिमीटर खाली येत असेल, तर खिळा 145 अधिक 25 वजा 8, म्हणजे 162 सेंटिमीटरवर. कागदावर हे आधी लिहून घेतले की भिंतीत एकाच चित्रासाठी तीन भोके पडत नाहीत. दिवा वरून तिरपा, भिंतीशी सुमारे 30 अंशांच्या कोनात पडला तर काचेत बघणाऱ्याचा स्वतःचाच चेहरा दिसत नाही.

हा एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटत असेल तर जुना दाखला देतो. पॅरिसच्या सरकारी सालोन प्रदर्शनात एकोणिसाव्या शतकात चित्रे जमिनीपासून छतापर्यंत, फ्रेमला फ्रेम भिडवून लावत, आणि वरच्या रांगेतला चित्रकार जवळजवळ अदृश्य होई. 15 एप्रिल 1874 रोजी मोने, रन्वार, देगा, पिसारो, बेर्त मोरिझो या चित्रकारांसह सुमारे तीस जणांनी छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांनी चित्रे फार तर दोन रांगांतच लावली आणि संध्याकाळीही दालन उघडे ठेवले. पैशाच्या दृष्टीने तो प्रयत्न फसला. त्यांच्या संस्थेवर देणे उरले आणि वर्ष संपता संपता त्यांनी ती विसर्जित केली. तरीही आपली चित्रे कशी दिसावीत हे चित्रकारांनी स्वतः ठरवायचे, ही गोष्ट तिथून पुढे रुळत गेली, आणि 1884 मध्ये तर पॅरिसमध्येच परीक्षक नाहीत आणि पारितोषिकेही नाहीत असे तत्त्व ठेवून कलाकारांची संघटना उभी राहिली. निवड समिती नसेल तर आपल्या गटाचे प्रदर्शन त्याच वळणाचे आहे. तिथे पास-नापास होण्याचा प्रश्न नाही, हे कधीकधी आयोजकांच्याही ध्यानात आणून द्यावे लागते.

रंगांविषयी एक सूचना, कारण जलरंगाच्या पातळ थराला उजेडाची बाधा लवकर होते आणि संग्रहालयांतही अशा चित्रांवर सहसा 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आसपासच, म्हणजे मंद, प्रकाश ठेवतात. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा. पारंपरिक अलिझरीन क्रिमझन हा गडद लाल, क्रमांक पीआर 83, उजेडात उडतो. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन घराण्यातला गुलाबी-लाल वापरता येतो. निवडलेल्या चित्रात अलिझरीन असेल तर प्रदर्शनाच्या काही दिवसांत बिघडणार नाही, पण ते नंतर कोणाच्या खिडकीसमोर लागणार असेल तर घेणाऱ्याला सांगून ठेवावे.

विकायचे की नाही हे भिंतीवर लावण्याआधी ठरवा. चित्रापासून दूर व्हायची तयारी नसेल तर चिठ्ठीवर ‘विक्रीसाठी नाही’ असे निःसंकोच लिहा, त्यात कमीपणा नाही. प्रदर्शनाच्या दिवशी स्वतःच्या चित्राजवळ उभे राहू नका. दुसऱ्याच कोणाच्या चित्रासमोर उभे राहून कान मात्र तिकडे ठेवा. बहुतेक लोक पुढे सरकतात आणि त्याचे पहिल्या तासात वाईट वाटते. मग कोणीतरी थांबते, पुढे झुकते, दोन पावले मागे येते आणि पुन्हा झुकते. ते मागेपुढे होणे मी कोणत्याही अभिप्रायवहीपेक्षा खरे मानतो, कारण त्या वेळी माणूस कोणाला बरे वाटावे म्हणून काही करत नसतो.

राहिला प्रश्न घरच्या टेबलाचा, म्हणजे कागदासमोर पुन्हा बसायचे कसे याचा. चित्रे निवडून फ्रेम करायला दिली की तिसऱ्याच दिवशी बसा, पण मोठ्या कागदावर नको. तळहाताएवढे कागद कापा आणि महिनाभर दोनच रंग वापरा, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा लालसर तपकिरी. या दोघांच्या मिश्रणातून उबदार तपकिरीपासून थंड राखाडीपर्यंत आणि जवळजवळ काळ्यापर्यंत सगळे मिळते. शिवाय अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि जो रवाळ पोत येतो तो कोणी ठरवून आणू शकत नाही. ते बघत बसणे हेच पहिल्या आठवड्याचे काम समजा. विषय घरातलाच एखादा घ्या, खुर्चीवर टाकलेला कपडा किंवा बादलीची कड, आणि तोच रोज काढा. ही वही कोणालाही दाखवायची नाही, गटालाही नाही, घरच्यांनाही नाही. माझ्याकडे अशा वह्यांचा एक गठ्ठा आहे. त्यांत जेमतेम बरे म्हणावे असे दर वीस पानांत एखादे असेल, पण माझे हात त्या गठ्ठ्यामुळेच चालू राहिले.

आणि फाडलेल्या त्या चार चित्रांचे तुकडे अजून टाकले नसतील तर तेवढे वाचवा. कार्डशीटमध्ये दहा सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापून ती एकेका तुकड्यावर फिरवा. आपण ढग दुरुस्त करायला जाण्याआधीचा, पाण्याने स्वतःहून केलेला आकाशाचा एखादा भाग त्यात सापडेल. तो कापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि त्याखाली वापरलेल्या रंगांची नावे लिहून ठेवा.